झेंडू सोडून काही पण

फुलांच्या धंद्यात माणूस चार-पाच वर्षं टिकला की त्याच्याकडं दोन गोष्टी साठतात, सुतळीचे तुकडे आणि किस्से. सुतळी मी दर सोमवारी झाडून टाकते. किस्से मात्र टाकू म्हटलं तरी टाकता येत नाहीत. कुणीतरी चहाचा कप घेऊन समोर बसतं आणि म्हणतं, "बाई, ते शेततळ्याचं सांगा ना!" मग काय, बसते सांगत.

आधी माणसं सांगते, म्हणजे घोटाळा नको. मी शाळेत चित्रकला शिकवायचे. निवृत्तीनंतर सकाळी फिरायला जायचं आणि दुपारी झोपायचं, एवढाच बेत होता. तर एक दिवस शबनम घरी आली. शबनम माझी विद्यार्थिनी. सातवीत गुलाबांचं चित्र काढायला सांगितलं, तर हिनं जुडी बांधलेला दोरासुद्धा काढला होता, गाठीसकट! क्रांती चौकाच्या मागं तिच्या वडिलांचं, म्हणजे गफूरचाचांचं, फुलांचं दुकान. ती म्हणाली, "बाई, आता लोकांना स्टेज आधी कागदावर बघायचं असतं. तुम्ही काढून द्या." मी म्हटलं, बघू आठ दिवस. त्याला आता सहा वर्षं झाली.

चौथा माणूस संतोष. पन्नाशीचा गडी, मंडप आणि स्टेजचे सांगाडे उभे करतो. तोंड सतत चालू आणि हातही सतत चालू, त्यामुळं कुणी रागावत नाही.

आम्ही शिकलेल्या फुलांचा आणि आताच्या फुलांचा काही संबंध राहिलेला नाही, हे पहिल्याच आठवड्यात कळलं. गिऱ्हाईक येतं, मोबाईल काढतं, आणि पहिलं वाक्य ठरलेलं, "झेंडू सोडून काही पण!"

हे वाक्य आलं की गफूरचाचा आतल्या खोलीत निघून जायचे. त्यांनी सगळं आयुष्य झेंडू ओवण्यात घालवलेलं. बोटांची टोकं कायमची काळपट झालेली. करमाडच्या बबनरावांच्या मळ्यातला झेंडू त्यांच्या दुकानात येतोय तो शबनमच्या जन्माआधीपासून. आणि ती पाळण्यात होती तेव्हापासून चाचा येईल त्याला सांगायचे, "मेरी बच्ची का स्टेज मैं बनाऊंगा. गेंदा और मोगरा. पूरा शहर देखेगा!"

हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

* * *

तर शेततळ्याचा किस्सा.

एक मुलगी आली, मोबाईलवर परदेशातल्या कुठल्याशा सरोवराकाठचं लग्न घेऊन. पाण्यावर फुलं तरंगतायत, कडेनं मेणबत्त्या, मागं डोंगर. "सेम असंच पाहिजे."

शबनमनं विचारलं, "लग्न कुठंय?"

"करमाडच्या पुढं. मामांच्या शेतात."

संतोष म्हणाला, "मंग आडचण काय? तळं हाय की!"

तळं म्हणजे शेततळं. चौकोनी खड्डा, आत काळं प्लास्टिक, भोवती तारेचं कुंपण. पण शबनम जिद्दीची. कुंपणावर पांढरे पडदे सोडले, पाण्यावर गुलाबाच्या पाकळ्यांची भलीमोठी रांगोळी तरंगवली, थर्माकोलवर दिवे ठेवले. खरं सांगते, मला स्वतःला तिथं परत लग्न करावंसं वाटलं.

सगळं छान चाललेलं. तेवढ्यात शेताची लाईट आली. मुलीचे आजोबा फेटा बांधून पहिल्या रांगेत बसलेले, ते गुपचूप उठले. कांद्याला पाणी द्यायचं राहिलं होतं! त्यांनी मोटार चालू केली. तळं खाली जायला लागलं आणि आमची रांगोळी भोवऱ्यासारखी फिरत एका कोपऱ्यात निघाली. शेवटी मोटारीच्या जाळीत पाकळ्या अडकल्या आणि मोटार बंद पडली.

आजोबा तापले. जाळीतल्या ओल्या पाकळ्या दोन्ही मुठींत घेऊन थेट स्टेजवर चढले. "ह्ये कुणाचं काम हाय?" असं विचारायला त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात नवरा-नवरी आजोबा आले म्हणून चटकन पायाशी वाकले!

आजोबांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. समोर नात वाकलेली, हातात ओला चिखलपाला. काय करणार? टाकल्या सगळ्या पाकळ्या दोघांच्या डोक्यावर.

फोटोग्राफर ओरडला, "आजोबा, एक नंबर! परत एकदा!"

* * *

मग फिकट रंगांची लाट आली. सगळं दुधात बुडवून काढल्यासारखं. फिकट गुलाबी, फिकट पिस्ता, फिकट जांभळा, आणि एक रंग तर असा की मला चाळीस वर्षं चित्रकला शिकवूनही त्याचं नाव सांगता येईना.

जालना रोडवरच्या एका लॉनवर असंच स्टेज केलेलं. नवऱ्याची आत्या गावाकडून आलेली. बराच वेळ स्टेजकडं बघत उभी राहिली आणि संतोषला म्हणाली, "बाबा, रंग द्यायचा राह्यलाय का?"

संतोष शिडीवरून म्हणाला, "व्हय आत्याबाई. प्रायमर झालाय. कलर उद्या मारतो."

त्याला वाटलं, गंमत समजली असेल. आत्याबाईंनी ते मनावर घेतलं! अर्ध्या तासात मांडवभर बातमी. मुलीकडच्यांनी अर्धवट काम केलं, लग्न आज आणि रंग उद्या! नवरदेवाचे वडील तरातरा आले. शबनमनं मोबाईलवर पन्नास फोटो दाखवले, हीच फॅशन आहे म्हणून समजावलं. वडील शांत झाले. आत्याबाई नाही झाल्या. त्या गाडीत बसून भावाच्या घरी गेल्या, दारावरचं झेंडूचं तोरण सोडून आणलं आणि स्टेजच्या बरोबर मधोमध बांधून टाकलं.

कुणाची हिंमत झाली नाही सोडायची. सगळ्या फोटोंत ते आहे. त्या संध्याकाळी गफूरचाचांनी आम्हाला विचारलं, "वो बुढ़िया कौन थी? मेरेकू मिलना है उनसे."

* * *

फुलांच्या चादरीचा किस्सा हा खरं तर संतोषचा, पण तो नीट सांगत नाही, लाजतो.

आता नवरी नुसती चालत येत नाही. तिच्या डोक्यावर मोगऱ्याची चादर धरतात, चार कोपऱ्यांना चार भाऊ. एका लग्नात ऐन वेळी भाऊ तीनच हजर. एक सख्खा, दोन मावसभाऊ. चौथा चुलतभाऊ ट्रॅफिकमध्ये अडकलेला. गाणं सुरू झालेलं, नवरी दारात उभी, चादरीचा एक कोपरा लोंबतोय.

शबनमनं संतोषला ढकललं. "धर!"

संतोषनं घामट शर्टावर कुणाचं तरी जाकीट चढवलं आणि कोपरा धरला. चादर व्यवस्थित स्टेजपर्यंत गेली. काम संपलं म्हणून तो मागं वळला, तर गुरुजींनी त्याचा हात पकडला. "कुठं चाललात? भाऊ ना तुम्ही? चला, कान पिळा नवरदेवाचा."

आता कानपिळीला नवरीचा भाऊ लागतो, हे बरोबर. सख्खा भाऊ तेव्हा फोनवर त्या चुलतभावाला रस्ता सांगत होता. आणि नवरदेव कोण? ज्यानं आदल्या दिवशी संतोषकडून स्टेज तीनदा उजवीकडं आणि तीनदा डावीकडं सरकवून घेतलं होतं!

संतोष पुढं झाला आणि त्यानं कान पिळला. असा पिळला की नवरदेवाच्या डोळ्यांत पाणी. मांडवात टाळ्या, शिट्ट्या! सासूबाई म्हणाल्या, "भावाचा लई जीव दिसतोय बहिणीवर."

त्या मुलीनं पुढच्या राखीपौर्णिमेला खरंच संतोषला शोधून राखी बांधली. आता दरवर्षी बांधते. तो दरवर्षी साडी घेतो आणि माझ्यावर चिडतो, "बाई, तुमच्या चित्रात ह्ये नव्हतं दाखवलेलं!"

* * *

नकली फुलांचं पहिलं मोठं काम आलं तेव्हा दुकानात सुतक असल्यासारखी शांतता होती. खोके आले. उघडले. आत कापडाची फुलं, एकसारखी, देठात तार. चाचांनी एक हातात घेतलं, उलटंपालटं केलं, नाकाला लावलं आणि परत ठेवलं.

शबनम म्हणाली, "अब्बा, लोक हेच मागतात. उन्हाळ्यात सुकत नाहीत. आदल्या दिवशी लावून मोकळं."

चाचा म्हणाले, "हां. मोकळं."

लग्न एप्रिलमधलं, दुपारचं. स्टेज आदल्या दिवशीच झालेलं, आम्ही निवांत. चाचांची एक सवय आहे. उन्हाळ्याचं लग्न असलं की दुपारी ते हिरवा फवारापंप खांद्याला अडकवतात आणि स्टेजमागून फुलांना बारीक पाणी मारत फिरतात. पाहुण्यांना दिसतही नाहीत. हे त्यांनी इतकी वर्षं केलंय की हात आपोआप जातो.

गेला!

कापड स्वस्तातलं. पाणी लागलं तसा गुलाबी रंग सुटला. वरून एकेक थेंब टपकायला लागला, आणि खाली नवरदेवाची पांढरीशुभ्र शेरवानी. एक थेंब, दोन थेंब. संतोषनं बघितलं आणि त्याचा चेहरा शेरवानीपेक्षा पांढरा झाला. शबनम धावत मागं गेली, "अब्बा! नकली हैं! नकली हैं वो!"

चाचा पंप हातात धरून उभे. मी त्यांना इतकं ओशाळलेलं कधी बघितलं नव्हतं.

आम्ही माफी मागायला स्टेजवर गेलो, तर नवरदेवाची बहीण म्हणाली, "शेरवानीवर फुलांचे छाप! काय आयडिया आहे! आधी सांगायचं ना, माझ्या नवऱ्याच्या शेरवानीवर पण करून घेतले असते."

त्या दिवसापासून शबनम फक्त पक्क्या रंगाची फुलं मागवते. आणि दुकानात कुणी वेंधळेपणा केला की संतोष म्हणतो, "मारलं का पाणी?" चाचाही हसतात. पण पंप त्यांनी खिळ्याला टांगला तो टांगलाच.

* * *

आता शेवटचा. हा मी चहावर सांगत नाही सहसा.

शबनमचं लग्न ठरलं. मुलगा चांगला, शहरातल्याच छावणी भागात राहणारा, हॉलही तिथंच घेतला. आणि एक दिवस शबनम दुकानात सगळ्यांदेखत म्हणाली, "माझं स्टेज पूर्ण नकली फुलांचं. एक पण खरं फूल नको."

संतोषच्या हातातली पक्कड खाली पडली.

मी चाचांकडं बघायचं टाळलं. ते म्हणाले, "तू जो बोलेगी वो बनेगा. ज़बान देता हूं, मैं मुंह नहीं खोलूंगा." आणि खरंच, त्यानंतर स्टेजबद्दल त्यांनी शब्द काढला नाही. मला एकदा फक्त विचारलं, तेही दुसरीकडं बघत, "बाई, बच्ची को शरम आती होगी क्या? गेंदेवाले की बेटी बोलके?"

मला राग आला होता पोरीचा. दुपारी तिला एकटीला गाठलं आणि चांगलं झापलं, शाळेतल्यासारखं. "एवढी वर्षं ते वाट बघतायत. एक दिवस त्यांच्या मनासारखं केलं असतं तर काय बिघडलं असतं?"

ती खाली बघत ऐकून घेत होती. मग म्हणाली, "बाई, माझ्या मोठ्या बहिणीचं लग्न आठवतंय का तुम्हाला? नाही, तेव्हा तुम्ही नव्हता. सगळी खरी फुलं होती. अब्बा पहाटेपासून स्टेजमागं. निकाह झाला, जेवणं झाली, रुखसतीची वेळ झाली, तरी मागं सुकलेलं फूल काढ, नवीन लाव. आपा रडत निघाली तेव्हा त्यांच्या हातात सुई होती. फोटोत ते कुठंच नाहीत, बाई. एकाही फोटोत नाहीत." तिनं नाक पुसलं. "मला अब्बा समोर बसलेले पाहिजेत. पहिल्या रांगेत. मी मान वर केली की दिसले पाहिजेत. खरं फूल असलं तर ते बसणार नाहीत."

"मग सांग ना त्यांना हे!"

"सांगितलं तर हो म्हणतील. आणि उठून जातीलच. तुम्ही ओळखत नाही का त्यांना?"

ओळखत होते. कुणाला सांगायचं नाही अशी मला शप्पथ घालून ती गेली. मी चित्र काढलं. फिकट गुलाबी, पिस्ता, पांढरं. समोर पहिल्या रांगेत एक सोफा. एवढा नीट सोफा मी कधी काढला नव्हता.

लग्नाच्या दिवशी सकाळी हॉलच्या दारात टेम्पो येऊन उभा राहिला. काठोकाठ झेंडू! वर बबनराव स्वतः, नवीन टोपी घालून. "पोरगी माझ्या बी अंगाखांद्यावर खेळलीय," ते खाली उडी मारत म्हणाले. "आहेर हाय. कुठं उतरवू?"

चाचा शेरवानी घालून दारात उभे. झेंडूकडं बघत राहिले. मग म्हणाले, "बबनराव, वापस ले जाओ. ज़बान दिया हूं मैं."

बबनरावांना आधी गंमत वाटली. मग कळलं गंमत नाही. चेहरा पडला. "व्हय का? माझं फूल नाय चालत, मंग मी बी चालत नसंल. येतो." आणि टेम्पोवर चढायला लागले. चाचांनी त्यांचा हात धरून ठेवलेला.

वरच्या खिडकीतून शबनमनं हे सगळं बघितलं. दोन्ही हातांना मेंदी, तशीच खिडकीत वाकून ओरडली, "बबनकाका! थांबा! स्टेजवर नको. पण माझी गाडी अजून मोकळीच आहे!"

रुखसतीची, म्हणजे नवरी सासरी निघायची गाडी. संतोषनं आणि बबनरावांनी ती दोन तासांत अशी मढवली की काचा तेवढ्या दिसत होत्या. नवऱ्या मुलाच्या मित्राची नवीकोरी पांढरी गाडी, त्याला तर ओळखूच येईना. चाचांनी एका माळेला हात लावला नाही. लांब उभं राहून बघत होते. ज़बान दिली होती ना.

दुपारी निकाह झाला. शबनमला स्टेजवर आणून बसवलं. मागं आमची कापडी फुलं, एकही सुकलेलं नाही, एकही पडलेलं नाही. पहिल्या रांगेतला सोफा रिकामा.

शबनमनं मान वर केली. सोफ्याकडं बघितलं. मग माझ्याकडं. मी संतोषकडं. संतोषनं हळूच स्टेजमागं बोट दाखवलं.

मी मागं गेले. चाचा शेरवानीवर पंप अडकवून उभे होते. कधी खिळ्यावरून काढला, कसा आणला, कुणास ठाऊक. एकेका फुलाला बारीक पाणी मारत होते, सावकाश, पुढून मागं, एकही न सोडता. फुलांवर थेंब उभे राहत होते. रंग पक्का होता, कुठं काही सुटलं नाही.

तेवढ्यात घागऱ्याचा आवाज आला. शबनम! भर स्टेजवरून उठून, सगळे पाहुणे बघतायत, ही मागं आलेली.

"अब्बा," ती म्हणाली, "नकली हैं."

"मालूम है."

"फिर पानी क्यों मार रहे?"

चाचांनी पंप खाली केला नाही. म्हणाले, "असली को तो खेत में मिल जाता, बेटा. इनकू कौन देगा?"

शबनमनं मेंदीच्या हातानं त्यांचं मनगट धरलं आणि तसंच ओढत पुढं आणलं, पाहुण्यांमधून, पहिल्या रांगेपर्यंत. "बैठो," ती म्हणाली. "यहां से उठना नक्को."

चाचा बसले. शेवटपर्यंत बसले, पंप मांडीवर घेऊन. प्रत्येक फोटोत आहेत.